मीटरबाईची ठिबक

सोळा वर्षं ती घरोघरी फिरून पाण्याचे मीटर वाचत असे. एका हातात वही आणि दुसऱ्या हातात झाकण उचकटायची लोखंडी सळई घेऊन ती फाटकातून आत शिरली की लोक आतूनच ओरडायचे, "मीटरबाई आल्या." पुढे मीटरच असे आले की आपला आकडा आपणच कचेरीला कळवू लागले. वही कपाटात गेली, सळई भंगारात गेली आणि बाईला कचेरीत एका खिडकीमागे बसवण्यात आलं. तिथे ती चार महिने टिकली. पाचव्या महिन्यात तिने राजीनामा दिला. साहेबांनी कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली की बसून बसून पाय सुजतात. ते खरंही होतं, पण पुरतं खरं नव्हतं. कुठल्या घराचा नळ गळतो, कुठे दाब कमी येतो, कोणाच्या पाण्याने किटलीत पांढरा थर धरतो, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. एवढं सगळं डोक्यात घेऊन खिडकीत शिक्के मारायचे, हे काही तिला जमेना.

घरात माणसं तीन. नवरा बेकरीत भट्टीवर होता, उजाडायच्या आत कामाला जायचा आणि दुपारी येऊन झोपायचा. सासरे चाळीस वर्षं सार्वजनिक बागेत माळी होते. आता निवृत्त झाले होते, पण सगळा परिसर त्यांना अजून माळीबाबाच म्हणायचा. घराच्या गच्चीवर त्यांच्या साठेक कुंड्या होत्या. रोज दोन वेळा ते खालून बादल्या वर नेत आणि झारीने एकेका झाडाला पाणी घालत. घालता घालता झाडांशी बोलतही असत. सुनेशी ते इतकं बोलत नसत. त्यात वाईटपणा काही नव्हता, स्वभावच तसा.

त्या वर्षी उन्हाळा लवकर आला आणि बाबांचा उजवा खांदा धरला. हात कानाच्या वर जाईना. डॉक्टरांनी वजन उचलायला साफ मनाई केली. बाबांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी डाव्या हाताने बादली उचलली. तिसऱ्या पायरीवर बादली सांडली, बाबा बसकण मारून बसले आणि पाणी जिन्यावरून थेट शेजाऱ्यांच्या दारात गेलं.

मीटरबाई तेव्हा घरीच होती, नोकरी सोडून पंधरा दिवस झाले होते. रविवारी ती बाजारात गेली आणि काळ्या नळीचं वेटोळं, छोटी गाळणी आणि पिशवीभर ड्रिपर घेऊन आली. गच्चीच्या कोपऱ्यात विटांचा ओटा रचून त्यावर पिंप ठेवलं, पिंपातून नळी काढली आणि प्रत्येक कुंडीपाशी नळीला भोक पाडून एकेक ड्रिपर खोचला. संध्याकाळी तोटी फिरवली. सगळ्या कुंड्यांत एकदम टप टप सुरू झालं. नवऱ्याने टाळ्या वाजवल्या. बाबा मात्र खाली निघून गेले आणि दोन दिवस नाराजच राहिले.

तिसऱ्या दिवशी जेवताना ते म्हणाले, "सूनबाई, पाणी घालणं म्हणजे नळ सोडणं नव्हे. झाडाकडे बघावं लागतं."

"तुम्ही बघा की बाबा," ती म्हणाली. "बघायला खांदा लागत नाही."

नवऱ्याने हसू दाबायला पाण्याचा पेला तोंडाला लावला. बाबांना राग आला होता की नाही हे कळायला मार्ग नव्हता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते खुर्ची घेऊन गच्चीवर बसले आणि लिंबाच्या कुंडीला ड्रिपर कमी पडतोय, असं त्यांनी सुनेला वरूनच हाक मारून सांगितलं. तिने लगेच दुसरा लावून दिला. खटका उडाला होता तो तेवढ्यावर मिटला.

शेजारणीने ते पाहिलं. मग तिच्या बहिणीने पाहिलं. वर्षभरात मीटरबाईने चाळीसएक बाल्कन्या आणि गच्च्यांवर ठिबक बसवली. जुनी ओळख कामी आली. कुणाच्या दारात गेली की तिथल्या पाण्याची कुंडली तिला आधीच पाठ. खारट पाणी असेल तिथे ती दर महिन्याला ड्रिपर विनेगरच्या पाण्यात बुडवून धुवायला सांगे. दाब कमी असेल तिथे पिंप उंचावर ठेवी. लोक गावाला जाऊन आठ-दहा दिवसांनी परतायचे, तर कुंड्या आपल्या टवटवीत. तिचं नाव होऊ लागलं आणि तिला ते आवडत होतं. आपल्याला हे काम येतं, हे ती लपवत नसे. कोणी उगाच शंका काढली तर ती पदर खोचून म्हणायची, "मी सोळा वर्षं पाण्याच्या मागे फिरलेय, आता पाणी माझ्या मागे फिरेल."

मग प्रसूती रुग्णालयाचं काम आलं.

रुग्णालय चार मजली होतं आणि चौथ्या मजल्यावर बाळंतिणींचा वॉर्ड. वर सपाट स्लॅब, दिवसभर तापायचा आणि रात्रभर ती ऊब खाली सोडायचा. बाळांच्या अंगावर घामोळं, आयांना झोप नाही. तिथल्या मेट्रनबाई उंच, सडसडीत आणि मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी मनावर घेऊन गच्चीवर दोनशे चाळीस मोठ्या कुंड्या मांडून घेतल्या होत्या. सावली झाली, ओलावा राहिला तर खाली फरक पडेल, असा त्यांचा हिशेब. पण पाणी घालणार कोण? सफाई कामगार नळी घेऊन जायचे, जवळच्या कुंड्या तुडुंब भरायचे आणि लांबच्या विसरायचे. मेट्रनबाईंनी मीटरबाईला बोलावून विचारलं, "जमेल?"

"जमेल," ती म्हणाली. पायऱ्या उतरताना तिने कुंड्या मनातल्या मनात पुन्हा मोजल्या, कारण एवढं मोठं काम तिने कधी केलं नव्हतं. पण तोंडातून शब्द गेला होता आणि तो तिला खोटा वाटत नव्हता.

दहा दिवसांत तिने काम उरकलं. मोठी नळी, तिला फुटलेल्या आठ रांगा, गाळणी, छोटा पंप आणि वेळ लावून ठेवायचं घड्याळ. अडचण एकच आली, आणि ती पंपवाल्याने आणली. रुग्णालयाच्या पाण्याचं सगळं त्याच्या ताब्यात. किल्ल्यांचा जुडगा कमरेला आणि कपाळावर कायमची आठी. सकाळी आंघोळी, कपडे, स्वयंपाकघर, तेव्हा गच्चीची टाकी आपण झाडांसाठी सोडणार नाही, असं त्याने ठणकावून सांगितलं. पाणी हवं तर टाकी भरल्यावर, दुपारी बाराला. मीटरबाईने थोडी घासाघीस केली आणि मग बारा तर बारा म्हणून चाळीस मिनिटांची वेळ लावून दिली.

पहिले दोन आठवडे सगळं सुरळीत गेलं. तिसऱ्या आठवड्यात ऊन असं भडकलं की रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटू लागलं. आणि मेट्रनबाईंचा फोन आला. शेवटच्या दोन रांगांची पानं कडेने करपली होती, आणि मधल्या रांगांतही काही झाडं मान टाकून उभी होती.

मीटरबाई दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला गच्चीवर हजर. गाळणी उघडली, स्वच्छ होती. पंप हाताने सुरू करून प्रत्येक रांगेत वाट्या लावल्या आणि पाणी मोजलं. पहिल्या कुंडीला जेवढं तेवढंच शेवटच्या कुंडीला. कुंड्यांखालच्या बशांतून पाणी बाहेर येत होतं. म्हणजे पाणी मिळत होतं, पोटभर मिळत होतं. मग घोडं पेंड कुठे खात होतं? माती विकणाऱ्याने काहीतरी कचरा गळ्यात मारला असणार, असं तिने मेट्रनबाईंना सांगितलं. पंपवाला दारात उभा राहून दात कोरत होता. ही ठिबक-बिबक चार दिवसांची हौस असते, असं तो भिंतीकडे बघून म्हणाला. मीटरबाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

दोन दिवस तिने मातीवाल्याशी हुज्जत घातली. त्याने त्याच ढिगातली माती आपल्या दारातल्या झाडांना घातली होती आणि ती झाडं मजेत होती. तिसऱ्या दिवशी अजून अकरा कुंड्या गेल्याचा निरोप आला. त्या संध्याकाळी ती गच्चीवर बाबांच्या खुर्चीपाशी जाऊन बसली. चार-पाच दिवस तिचं जेवणात लक्ष नव्हतं हे बाबांच्या ध्यानात आलेलं होतं, पण विचारायचा त्यांचा शिरस्ता नव्हता.

"बाबा, उद्या माझ्याबरोबर याल का?"

"कशाला?"

"झाडांकडे बघायला."

बाबांनी तिच्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "टोपी शोधून ठेव."

सकाळी दोघं लिफ्टने वर गेली. मीटरबाईने मोठ्या नळीपासून सांगायला सुरुवात केली, पण बाबांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते रांगांमधून हळूहळू चालत होते. करपलेल्या रांगेपाशी थांबून त्यांनी डाव्या हाताने एका कुंडीचा काठ धरला आणि ती जराशी कलती केली. मग शेजारची. मग तिसरी.

"हलकी आहे," ते म्हणाले.

"बाबा, काल पाणी गेलंय तिला. मी बशीत बघितलंय."

"बशीत गेलं असेल."

त्यांनी तिला ती कुंडी आडवी करायला सांगितली. मेलेलं झाड होतं, त्याला आणखी काही होणार नव्हतं. काठावर दोन थापा मारल्या तसा मातीचा गोळा अख्खाच बाहेर आला. एका बाजूला, ड्रिपरखाली, बोटभर रुंदीचा ओला पट्टा वरून खालपर्यंत गेलेला. बाकीचा गोळा कोरडा ठक्क. बाबांनी तो मधोमध फोडला, तर आतली माती भुरभुर उडाली. एकदा कडक उन्हात वाळली की ही हलकी माती आकसते, कुंडीपासून सुटते आणि पाणी आत घेतच नाही, असं बाबा सांगू लागले. वरून टपकलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली उतरतं आणि बशीत जाऊन बसतं. बघणाऱ्याला वाटतं झाड प्यायलं. बागेत नवीन माणूस लागला की बाबा त्याला पहिला महिनाभर फक्त कुंड्या उचलून बघायला लावायचे.

मीटरबाई उकिडवी बसून त्या फुटक्या गोळ्याकडे बघत राहिली. सोळा वर्षं ती किती पाणी गेलं हे मोजत आली होती. ते पाणी पुढे कुठे जातं, हे बघायचं कामच तिच्याकडे कधी नव्हतं.

"पण मग शेवटच्या रांगा जास्त का करपल्या?" तिने विचारलं. "फट काय सगळीकडेच पडली असणार."

बाबांना ते ठाऊक नव्हतं आणि त्यांनी तसं सांगितलं. ते म्हणाले, आपण बाराच्या पाण्यापर्यंत थांबू. दोघं टाकीच्या सावलीत बसली, डबा खाल्ला, बाबांनी टोपी डोळ्यांवर ओढून डुलकीही काढली. ठीक बाराला पंप घुरघुरला. मीटरबाई धावत शेवटच्या रांगेत गेली आणि तिने ड्रिपरखाली तळहात धरला. धरला तसा झटकन मागे घेतला. पाणी चहाइतकं कढत होतं.

आता तिला लख्ख उमगलं. रांगांची सगळी काळी नळी उघड्या स्लॅबवर पसरलेली. कालचं पाणी त्यात पडून राहायचं आणि सकाळभर तापायचं. शेवटच्या रांगांची वाट सर्वांत लांब, म्हणून तिथे सर्वांत जास्त कढत पाणी जायचं. तिने वाट्या लावून मोजलं होतं ते सकाळी नऊला, आणि नऊला कोणी त्या पाण्यात हात घालून बघितला असता तरी काही कळलं नसतं. झाडं बिचारी भर दुपारी मुळांवर कढत पाणी घेत होती.

तिच्या कानशिलात जाळ झाला. मातीवाल्याला ती काय काय बोलली होती ते सगळं आठवलं. ती तशीच जिना उतरून मेट्रनबाईंच्या खोलीत गेली. पंपवालाही नेमका तिथेच रजिस्टरवर सही करत होता. तो जाईपर्यंत थांबावं, असं एक क्षण तिच्या मनात आलं. मग ती थांबली नाही.

"मेट्रनबाई, मातीत काही दोष नाही. चूक माझी आहे. बाराची वेळ मी मान्य करायला नको होती आणि नळी उघडी ठेवायला नको होती. आठ दिवस द्या. मी हे नीट करून देते."

मेट्रनबाईंनी चष्मा काढला. "आठ दिवसांत होईल?"

"होईल."

हा शब्द पहिल्यासारखाच होता, पण या वेळी पायऱ्या चढताना तिला कुंड्या मोजाव्या लागल्या नाहीत. काय करायचं ते तिला दिसत होतं.

पंपवाला पहाटेचं पाणी देणार नव्हताच. तिने मागितलंही नाही. तिने त्याला एवढंच विचारलं की दुपारी टाकी भरल्यावर बारीक धारेने थोडं पाणी दुसऱ्या टाकीत गेलं तर तुमची काही हरकत आहे का. हरकत काय असणार, त्याने खांदे उडवले. मग तिने हजार लिटरची टाकी आणवली. गच्चीला खालून खांब कुठे आहेत ते वॉर्डात फिरून पाहिलं आणि वजन पेलावं म्हणून बरोबर खांबाच्या डोक्यावर ती बसवली. आत तरंगता चेंडू बसवला, म्हणजे भरली की आपोआप बंद. दुपारी भरलेलं पाणी रात्रभर निवायचं आणि पहाटे साडेचारला, आंघोळींची गर्दी सुरू व्हायच्या आधी, झाडांना मिळायचं. रुग्णालयाच्या टाकीला त्या वेळी हात लावायची गरजच नव्हती.

नळ्या तिने उचलून कुंड्यांच्या मागे, पानांच्या सावलीत नेल्या, आणि जिथे सावली नव्हती तिथे त्यांना चुन्याचा हात दिला. प्रत्येक कुंडीत एका मोठ्या ड्रिपरऐवजी समोरासमोर दोन लहान लावले. पाणी तेवढंच, फक्त दोन तोंडांनी. सलग चाळीस मिनिटांऐवजी पंधरा-पंधरा मिनिटांच्या तीन पाळ्या केल्या, मध्ये अर्ध्या-अर्ध्या तासाची विश्रांती. पहिल्या पाळीत माती नुसती भिजते, दुसरीत पिते, असं बाबांचं म्हणणं, आणि ते घड्याळात कसं बसवायचं ते तिला येत होतं.

त्याआधी वाळलेल्या कुंड्यांना पुन्हा प्यायला शिकवायचं होतं. त्याला ड्रिपर उपयोगाचे नव्हते. बाबांनी मोठ्या घमेल्यांत पाणी भरवून घेतलं आणि दोन सफाई कामगारांकडून एकेक कुंडी त्यात अर्धी बुडवून ठेवली. तळातून बुडबुडे येत राहायचे. बुडबुडे थांबले की कुंडी काढायची. बाबा स्टुलावर बसून टोपीखालून हुकूम सोडत होते. "ती काढू नका, अजून पितेय ती. अहो, तिला घाई नाहीये, तुम्हालाच आहे." ते काम तीन दिवस चाललं. त्या तीन दिवसांत बाबा सुनेशी जेवढं बोलले तेवढं आधीच्या दहा वर्षांत बोलले नसतील, आणि त्यातलं निम्मं तिला रागावण्यात गेलं.

सदतीस कुंड्या मात्र गेल्याच होत्या. पंपवाल्याने सुचवलं की त्या मागच्या जिन्याने गुपचूप खाली न्याव्यात, लोक हसतील. मीटरबाईने त्या पुढच्याच जिन्याने नेल्या. कोणी विचारलं की सांगायची, "पाणी चुकीच्या वेळी घातलं मी." संध्याकाळी ती मातीवाल्याकडे गेली, माफी मागितली आणि सदतीस कुंड्यांची माती त्याच्याकडूनच मागवली. तो आधी तोंड फुगवून बसला, मग चहा मागवला.

आठव्या दिवशी पहाटे ती आणि बाबा गच्चीवर होती. साडेचारला पंप लागला. तिने शेवटच्या रांगेत जाऊन हात धरला. पाणी गार होतं. बाबांनी सव्वासहाला, तिसरी पाळी संपल्यावर, चार-पाच कुंड्या कलत्या करून पाहिल्या. एकही हलकी लागेना. त्यांनी शाबासकी दिली नाही. हात झटकले आणि विचारलं, "बेकरीवरून जायचं का? ताजा पाव मिळेल."

बेकरीच्या मागच्या दाराशी नवरा पिठाने पांढरा होऊन बाहेर आला आणि दोघांना बघून म्हणाला, "घरात दोन पाणीवाले, मी एकटा आगवाला. माझं कसं व्हायचं?" बाबा मोठ्याने हसले. ती हसता हसता पायरीवर बसली आणि गरम पाव तोडून तसाच खाल्ला.

महिन्याभरात गच्ची भरून आली. वॉर्डातल्या भिंतीवर तापमापक होता, मेट्रनबाई त्याची रोज नोंद ठेवत. गेल्या वर्षीच्या त्याच दिवसांपेक्षा दुपारी दोन-अडीच अंश कमी दिसत होते. सगळं श्रेय झाडांचंच असेल असं त्या म्हणाल्या नाहीत, तसं म्हणायचा त्यांचा स्वभाव नव्हता. पण गेल्या वर्षी खिडकीजवळच्या झळांना बायका कंटाळत, तर या वर्षी एका बाळंतिणीने आपली खाट तिथून मधे हलवू नका म्हणून हट्ट धरला, हे त्यांनी मुद्दाम सांगितलं. पंपवाल्याने एक दिवस मीटरबाईला जिन्यात गाठलं आणि आपल्या घरी बायकोच्या दहा कुंड्या आहेत, असं छताकडे बघत सांगितलं. ती रविवारी जाऊन बसवून आली.

आता ती कुठलंही मोठं काम घेताना आधी बाबांना नेते. ते पाइपांकडे बघत नाहीत, ती पानांकडे जास्त बघत नाही. दोघांचं जमतं. खांदा काही पूर्ण बरा झाला नाही, पण कुंडी कलती करायला डावा हात पुरतो. गिऱ्हाइकाने घाई केली तर ती सरळ सांगते, "पहिला आठवडा मी रोज येणार. तुम्हाला चालत नसेल तर दुसरं कोणी बघा." अजून कोणी दुसरं बघितलेलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात रुग्णालयाच्या गच्चीवर नवीनच भानगड निघाली. नळ्यांना भोकं पडू लागली. दोन दिवस पाळत ठेवल्यावर चोर सापडले, कावळे. तहानेने चोच मारून मारून ते नळी फोडत होते. पंपवाला गलोल घेऊन सज्ज झाला. बाबांनी त्याला खाली बसवलं आणि सुनेकडे एक पसरट घमेलं मागितलं. मीटरबाईने ते कठड्याजवळ ठेवलं, त्यावर दोन ड्रिपर सोडले आणि दुपारची एक वेगळी पाळी लावली. मग गरम पाणी येऊ नये म्हणून तिथली नळी ओल्या गोणपाटात गुंडाळली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती मुद्दाम वर जाऊन बघून आली. तीन कावळे घमेल्याच्या काठावर बसून आरामात पीत होते, आणि चौथा आत उतरून पंख फडफडवत आंघोळ करत होता.